‘फिट’ म्हणजे नक्की काय?

परवा एका पोराचा इंटरव्ह्यू घेतला. कोड चोख लिहिला पठ्ठ्याने. तरी शेऱ्यात मी खरडलं, ‘टीममध्ये फिट वाटत नाही’. का? ते काही धड सांगता येईना. मग एक जुना खटला आठवला.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर वीजकेंद्र होतं. तिथे कृष्णवर्णीयांना फक्त ‘लेबर’ खात्यात घेत. त्या खात्यातला सर्वात मोठा पगार इतर खात्यांतल्या सर्वात छोट्या पगारापेक्षाही कमी! नोकरीतल्या वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा २ जुलै १९६५ला लागू झाला. नेमकं त्याच दिवशी कंपनीने फर्मान काढलं: यापुढे लेबरबाहेरच्या खात्यात भरती व्हायचं तर हायस्कूल पास हवं, शिवाय दोन चाचण्या. त्यातली वंडरलिक म्हणजे १२ मिनिटांत ५० प्रश्न.

नियम सगळ्यांना सारखाच, म्हणे. पण हायस्कूल न झालेले जुने गोरे कामगार त्याच खात्यांत व्यवस्थित काम करत होतेच की!

विली ग्रिग्ज आणि १२ सहकारी कोर्टात गेले. ८ मार्च १९७१ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला. थोडक्यात असा: तुमचा हेतू चांगला असेलही, पण चाळणीतून कृष्णवर्णीयच गळत असतील, तर तिचा त्या कामाशी संबंध काय ते दाखवा.

माझ्या ‘फिट’चा कोडशी काय संबंध होता? पोराचं इंग्रजी अडखळत होतं, एवढंच.

असो. सोमवारी शेरा बदलतोय.