मातीनें धरलेलें विष



शाळेंत शिकवीत असतां एक प्रयोग मी दर वर्षीं मुलांपुढें करीत असें. काळी माती निम्म्या वाळूंत मिसळून (निव्वळ काळी माती भिजली कीं फुगते व नळी तुंबते) कांचेच्या नळींत भरावयाची आणि वरून मोरचुदाचें निळें पाणी ओतावयाचें. खालीं पडे तें पाणी बिनरंगी! एकदां एका मुलानें विचारलें, “सर, निळें गेलें कुठें?” “मातीनें गिळलें,” मीं सांगितलें. उत्तर चुकीचें होतें.

अशीच चूक एका थोर रसायनज्ञाच्या हातूनहि झाली होती. यॉर्कशायरचे जमीनदार एच्. एस्. थॉम्पसन यांना आढळलें कीं, अमोनियायुक्त पाणी मातींतून झिरपलें म्हणजे अमोनिया मातींतच राहतो. त्याचा पाठपुरावा करून जे. टॉमस वे यांनीं १८५० सालीं दाखविलें कीं, हा रोखठोक विनिमय आहे. माती अमोनिया घेते व बदल्यांत चुना देते. मात्र हा सौदा पुन्हां उलटत नाहीं, असें त्यांचें मत होतें. तें १८५८ मध्यें आइखहोर्न या जर्मन संशोधकानें झिओलाइट खनिजांवर प्रयोग करून खोडून काढलें.

हीं झिओलाइटें आपल्या घरचींच. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत निघालेले त्यांचे स्फटिक देशोदेशींच्या संग्राहकांनीं नेले आहेत. त्याच काळ्या कातळाची झीज होऊन आपली काळी माती झाली. तिच्यांतील फुगणाऱ्या चिकणमातीच्या एका ग्रॅमला सुमारें ७०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्यावरील ऋण विद्युद्भार धातूंचे धन कण ओढून घेतो. ही पकड सैल. लोहाच्या तांबूस ऑक्साइडांची पकड निराळी. तेथें शिसें व तांबें पृष्ठभागावरील ऑक्सिजनशीं प्रत्यक्ष जोडलीं जातात. जस्त व कॅडमियम त्या मानानें लवकर सुटतात.

पण घट्ट पकडहि कायमची नव्हे. आम्लता वाढली कीं धातु सुटतो. हवा तुटली कीं लोहाचें ऑक्साइडच विरघळतें. बंगालच्या नलिकाकूपांत सोमल उतरला तो मुख्यतः ह्या दुसऱ्या वाटेनें; १९८३ च्या सुमारास तेथील रोग ओळखला गेला.

आपल्या मुळा-मुठेच्या गाळांतहि जड धातु आढळले आहेत. सांडपाण्यानें प्राणवायु संपलेल्या काळ्या गाळांत कांहीं धातु गंधकाशीं जुळून बसतात. तोच गाळ उपसून हवेंत पसरला कीं गंधकाची ती गांठ सुटूं लागते. वरचें पाणी नितळ दिसलें म्हणून तळाचा हिशेब मिटला, असें समजणारे आपल्यांत पुष्कळ आहेत; मीहि होतों.

निवृत्तीनंतर मीं तीच नळी पुन्हां भरली. मोरचूद मुरल्यावर वरून शिरका ओतीत राहिलों. आधीं मातींतल्या चुनखडीचा फेस आला. तो बसल्यावर खालच्या पेल्यांत फिकट निळें पाणी ठिबकूं लागलें.