करोडगिरीच्या नाक्यापलीकडचा भाव

नगरहून औरंगाबादेकडे जाणारी सडक नेवासे तालुक्यात प्रवरासंगमानजीक गोदावरी ओलांडते, आणि इंग्रजी अमदानीत पैलतीरापासून निजामाचे राज्य लागत असल्यामुळे, मुंबई बंदरात एकवार आयातकर भरून आलेल्या मालावर तेथे करोडगिरी म्हणजे सीमाजकात खात्याचा हात पुन्हा पडे. 1802 च्या व्यापारी तहाने कंपनी सरकार व निजाम यांच्यात शेकडा 5 हा दर ठरला होता. तेव्हा शिवणयंत्र असो, घड्याळ असो वा पुढील काळातला रेडिओ असो, शंभर रुपयांच्या वस्तूवर पाच रुपये चढत, आणि व्यापारी ते स्वाभाविकपणेच गिऱ्हाइकाकडून वसूल करी. जामखेड तालुक्यातील इंग्रजी गावे तर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, विखुरलेली. तेथे शेजारच्या बाजाराला जाणे म्हणजेही सरहद्द ओलांडणे होते.

तथापि सारा दोष निजामाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. 1854 साली स्थापन झालेल्या नगरच्या नगरपालिकेचाही मोठा आधार जकात हाच होता. नाक्यावर गाडी थांबे, बीजक पाहिले जाई, पावती फाटे, आणि ती रक्कम दुकानातील किमतीत निमूटपणे मिसळून जाई. देशोदेशी एकाच यंत्राचे मोल निराळे का, याचे पुष्कळसे उत्तर अशा नाक्यांच्या दप्तरांत आहे. 1948 साली निजामी अंमल संपुष्टात आला, तरी हैदराबाद संस्थानची सीमाजकात पुढेही काही वर्षे चालूच राहिली.