अफझलखानाचा वध : आत्मरक्षण कीं खून ?

करमाळ्याचें कमलाभवानीचें देवालय निंबाळकर घराण्यानें अठराव्या शतकांत उभारलें. ही देवता तुळजापूरच्या भवानीचेंच रूप होय अशी त्या प्रांतीं श्रद्धा आहे. यामुळें करमाळ्याकडे अफझलखानाचें नांव निघालें म्हणजे लोकांस प्रतापगडाच्या आधीं तुळजापूर आठवतें. खानानें तुळजापुरास व पंढरपुरास उपद्रव दिल्याचें सभासद सांगतो. आणि देवीच्या अपराध्यास देवीच्या भक्तानें शासन केलें, एवढ्यावर भाविकांच्या मनांत या खटल्याचा निकाल होऊन गेलेला असतो. श्रद्धेशीं आमचा वाद नाहीं. परंतु देवतेच्या अपमानाचें शासन ही एक कैफियत झाली आणि स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं केलेला प्रहार ही दुसरी. पहिली खरी असली म्हणून दुसरी सिद्ध होत नाहीं. आणि पहिली नाकारली म्हणून दुसरी पडतही नाहीं. या दोहोंची गल्लत झाल्यामुळें या विषयावर पुष्कळ शाई खर्च होऊनही मूळ प्रश्न पुष्कळदां बाजूसच राहिला आहे. तो प्रश्न एवढाच कीं, प्रतापगडाखालीं जें घडलें तें आत्मरक्षण कीं खून ?

प्रथम निर्विवाद भाग सांगतों. लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलींत हा प्रसंग शके १५८१ विकारी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध ७, गुरुवार या मितीस नोंदलेला आहे. इंग्रजी जुन्या गणनेनें ही तारीख १० नोव्हेंबर १६५९ येते. खानाकडून कृष्णाजी भास्कर व महाराजांकडून पंताजी गोपीनाथ यांनीं बोलणें केलें. मोजक्या माणसांनिशीं गडाखालीं भेट ठरली. भेटींत झटापट होऊन खान घायाळ झाला व मारला गेला. आणि लागलीच जावळीच्या रानांत दबा धरून बसलेल्या मराठी फौजेनें खानाच्या सैन्याची दाणादाण केली. येथपर्यंत शत्रुमित्रांचें एकमत आहे. पुढें मतभेद सुरू होतो तो पहिला हात कोणाचा याविषयीं.

परमानंदाचें शिवभारत, अज्ञानदासाचा पोवाडा आणि कृष्णाजी अनंत सभासदाची बखर या तिहींत पहिली आगळीक खानाची आहे. खानानें आलिंगनाच्या मिषानें महाराजांची मान दाबली व शस्त्र चालविलें. अंगांत चिलखत असल्यामुळें वार फुकट गेला. मग महाराजांनीं त्याचें पोट फाडलें, असा सभासदाचा वृत्तांत आहे. याच्या उलट मोगलांच्या बाजूचा खाफीखान सांगतो कीं, शिवाजी भय व नम्रता यांचें सोंग करीत आला आणि त्यानेंच भेटीच्या क्षणीं लपविलेलें हत्यार चालविलें. ग्रँट डफनें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत विश्वासघाताचा दोष महाराजांकडेच दिला, आणि तो निर्णय पुढें कित्येक वर्षें शाळांतील पुस्तकांत चालत आला.

या साक्षी तोलून पाहतां एक गोष्ट उघड दिसते. परमानंद हा महाराजांचा आश्रित कवि, सभासद हा राजाराममहाराजांच्या आज्ञेनें लिहिणारा सेवक, तर खाफीखान हा परपक्षाचा व प्रसंगानंतर साठाहून अधिक वर्षांनीं लिहिणारा ग्रंथकार. यांपैकीं कोणीही त्या सदरेंत उभा नव्हता. शस्त्र कोणतें याविषयींही मेळ नाहीं. सभासदाच्या कथेंत वाघनखें व बिचवा येतात, तर शिवभारतांतील वर्णन निराळें आहे. ग्रँट डफच्या वंशजांकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत गेलेलीं वाघनखें जुलै २०२४ मध्यें साताऱ्यास प्रदर्शनार्थ आणण्यांत आलीं. तथापि हींच तीं होत हें त्या संग्रहालयानेंही सिद्ध मानलेलें नाहीं. आणि तें सिद्ध झालें असतें, तरी पहिला हात कोणाचा हें लोखंडावरून कळण्यासारखें नाहीं. सारांश, केवळ झटापटीच्या वर्णनांवर विसंबून निकाल द्यावयाचा तर तो निकाल देणाराच्या पक्षाप्रमाणें बदलेल. तो दुसऱ्या मार्गानें शोधला पाहिजे.

तो मार्ग न्यायशास्त्रच दाखवितें. आततायी, म्हणजे शस्त्र उगारून मारावयास आलेला, अग्नि लावणारा, विष घालणारा इत्यादि मनुष्य, यास मारणारास दोष नाहीं हें स्मृतिकारांचें मत प्रसिद्धच आहे. तथापि याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें तें वचन सरसकट मोकळें सोडलेलें नाहीं. स्वसंरक्षणार्थ निवारण करीत असतां आलेला मृत्यु आणि मारण्याच्याच संकल्पानें केलेला घात यांतील भेदाचा त्यानें विचार केला आहे. हा ग्रंथ चालुक्यांच्या कल्याणीस, म्हणजे आमच्याच शेजारच्या प्रांतांत, लिहिला गेला हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें १८६० च्या भारतीय दंडविधानानें कलम ९६ पासून १०६ पर्यंत हाच विषय मांडला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तीं तत्त्वें कलम ३४ ते ४४ यांत आलीं आहेत. त्यांचा गाभा असा : जिवास धोका आहे अशी सयुक्तिक भीति उत्पन्न झाल्याबरोबर रक्षणाचा हक्क उत्पन्न होतो, प्रत्यक्ष वार अंगावर पडेपर्यंत थांबलें पाहिजे असें नाहीं. ती भीति आहे तोंवर हक्क टिकतो, ती संपली कीं हक्कही संपतो. जरूरीपेक्षां अधिक इजा करितां येत नाहीं. आणि सरकारी अधिकाऱ्याकडे दाद मागण्यास अवसर असेल तर हक्क मुळींच नाहीं.

१६५९ च्या पुरुषास १८६० चा कायदा लावावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या कसोटीनें प्रश्नाचें स्वरूप पालटतें. पहिला हात कोणाचा, या अनुत्तरित प्रश्नाऐवजीं, भेटीस जातांना महाराजांच्या मनांत जिवाची सयुक्तिक भीति असण्यास आधार होता काय, हा प्रश्न पुढें येतो. झटापटीच्या क्षणाला साक्षीदार नसले तरी या प्रश्नाला कागद आहेत.

पहिला कागद आदिलशाही फर्मानाचा. १६ जून १६५९ रोजीं कान्होजी जेध्यांस गेलेल्या फर्मानांत शिवाजीचें पारिपत्य करण्यासाठीं अफझलखानास नेमिलें आहे, तुम्ही त्यास सामील व्हावें, अशी आज्ञा आहे. दरबारचा हुकूम नाश करण्याचा होता. तेव्हां वाईहून आलेलीं गोडीगुलाबीचीं बोलणीं या हुकुमाशीं जुळत नाहींत. दुसरा आधार खानाच्या पूर्ववृत्ताचा. सिऱ्याचा राजा कस्तुरीरंग कर्नाटकच्या स्वारींत भेटीस आला असतां खानानें त्यास मारिलें ही गोष्ट दक्षिणेंत पसरलेली होती. महाराजांचे वडील बंधु संभाजीराजे कनकगिरीस पडले त्याचाही दोष बखरी खानास देतात. खुद्द शहाजीराजे १६४८ मध्यें जिंजीच्या छावणींत स्वपक्षाच्याच सेनापतीकडून बेसावध पकडले गेले होते. ज्याच्या घरांत असे अनुभव झालेले, तो भेटीस चिलखत घालून गेला तर त्यांत आश्चर्य काय ?

तिसरा व आमच्या मतें निर्णायक कागद राजापूरच्या वखारींतील आहे. हेन्री रेव्हिंग्टन या इंग्रज व्यापाऱ्यानें १० डिसेंबर १६५९ रोजीं, म्हणजे वधानंतर बरोबर एका महिन्यानें, एक पत्र लिहिलें. त्यांत तो कळवितो कीं, बड्या बेगमेनें दहा हजार घोडा व पायदळ देऊन अबदुल्लाखानास, म्हणजेच अफझलखानास, पाठविलें. एवढ्या बळानें शिवाजीपुढें टिकाव लागणार नाहीं हें ती जाणून असल्यामुळें मैत्रीचें सोंग कर असा सल्ला तिनें दिला आणि खानानें तसें केलें. शिवाजीनेंही उलट तसेंच केलें. तें त्यास बातमी लागल्यामुळें कीं केवळ संशयावरून, हें कळत नाहीं, असेंही तो प्रामाणिकपणें लिहितो. या व्यापाऱ्यास महाराजांची कीर्ति वाढवावयाची नव्हती, खानाचा कैवारही घ्यावयाचा नव्हता. आपल्या मालाची वाट मोकळी राहते कीं नाहीं एवढीच त्याची काळजी. सर जदुनाथ सरकारांनीं आपल्या शिवचरित्रांत याच पत्रावर भार देऊन हा वध आत्मरक्षणार्थ झाला असा निर्णय केला, तो याचमुळें. सभासद म्हणतो कीं पंताजीनें खानाच्या गोटांत द्रव्य देऊन त्याचा कपटाचा बेत काढून आणला. रेव्हिंग्टनची शंका व सभासदाचें विधान हीं शेजारीं ठेविलीं तर एकाची जागा दुसरें भरून काढतें.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें झांकून ठेवणें योग्य नव्हे. महाराजांनीं शस्त्र लपविलें होतें, रानांत फौज ठेविली होती, तोफेची इशारत ठरविली होती, आणि अवघ्या अठरा दिवसांनीं, २८ नोव्हेंबरास, पन्हाळा घेतला. हा बेत आधींचा नव्हे असें कोण म्हणेल ? आम्हीही म्हणत नाहीं. परंतु तयारी व आगळीक या भिन्न वस्तु आहेत. दगा होईल अशा समजुतीनें केलेली तयारी दग्याच्या अभावीं वापरली गेली असती, असें दाखविणारा समकालीन कागद पुढें आलेला नाहीं. दग्याचा बेत होता असें दाखविणारा मात्र आहे. दाद मागण्याच्या अटीविषयीं बोलावयाचें तर, ज्या राज्याकडे दाद मागावयाची त्याच राज्याचा सेनापति मारेकरी होऊन आला असतां दाद कोठें मागावी ? त्या सदरेंत दोघांच्याही वर कोणी न्यायाधीश नव्हता.

तथापि त्याच कायद्याची दुसरी अट आमच्याही पक्षास लागू केली पाहिजे. भीति संपली कीं हक्क संपतो. सभासदाच्या वृत्तांताप्रमाणें जखमी खान पालखींत घालून चालविला असतां संभाजी कावजीनें भोयांचे पाय तोडून पालखी पाडली व खानाचें शिर कापलें. पोट फाटलेल्या खानापासून त्या वेळीं महाराजांच्या जिवास धोका उरला नव्हता. सय्यद बंडा तलवार घेऊन महाराजांवर धांवला असतां जिवा महालानें त्यास मारिलें, हें रक्षण खरें. परंतु पालखीजवळचें कृत्य रक्षणाच्या सदरांत बसत नाहीं. तें बसतें युद्धाच्या सदरांत, आणि त्याचप्रमाणें जावळींतील सैन्यावरचा हल्लाही. चालत्या युद्धांत शत्रूच्या सेनापतीस पळूं न देणें हें त्या काळच्या युद्धनीतीस धरून होतें असें म्हणतां येईल. पण तें आत्मरक्षण होतें असें म्हणूं नये. एकाच दिवसाच्या तीन कृत्यांस एकच नांव देण्याच्या हव्यासानें दोन्ही पक्षांनीं वाद विनाकारण कठीण केला आहे.

हा भेद न पाळल्यानें काय होतें हें १८९७ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं जूनमध्यें पुण्याच्या शिवोत्सवांत प्रा. भानु यांनीं याच विषयावर व्याख्यान दिलें. अध्यक्षस्थानावरून टिळकांनीं इतिहासाचा वादच बाजूस ठेविला : महाराजांनीं आधीं बेत करून वध केला असें क्षणभर धरलें, तरी निष्काम बुद्धीनें लोककल्याणासाठीं केलेल्या कृत्यास पाप लागत नाहीं, आणि थोर पुरुषाचें कृत्य दंडविधानाच्या चौकटींत मोजूं नये, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १५ जूनच्या केसरींत हा वृत्तांत आला. २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. आणि सप्टेंबरांत न्या. स्ट्रॅची यांच्यापुढें चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्यांत केसरींतील हेंच लिखाण पुराव्यांत येऊन टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. ती शिक्षा अन्यायाची होती याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु टिळकांची कैफियत आत्मरक्षणाची नव्हती, ती समर्थनाची होती. प्रतिपक्षाचें गृहीत क्षणभर मान्य केल्यामुळें, कागदांच्या आधारें जें जिंकतां आलें असतें तें त्यांनीं वादापुरतें सोडून दिलें. जेधे शकावली तेव्हां प्रसिद्ध झालेली नव्हती आणि राजापूरच्या पत्राकडे आमच्या लेखकांचें लक्ष वळलें नव्हतें, हेंही येथें विसरतां कामा नये.

आमचा निर्णय म्हणून असा : महाराजांच्या हातून झालेला प्रहार आत्मरक्षणाचा, शिरच्छेद व सैन्यसंहार हे युद्धाचे, आणि तुळजापूरचा सूड हा भक्ताच्या समाधानाचा विषय, पुराव्याचा नव्हे. खून हा शब्द या तिहींपैकीं एकासही लागत नाहीं.

संग्राहकांस एवढेंच विनवितों. या खटल्याचा निकाल रसभरित बखरीनें केला नाहीं. एका व्यापाऱ्याच्या नीरस पत्रानें, एका देशमुखास गेलेल्या फर्मानानें व एका शकावलीच्या एका ओळीनें केला. करमाळा, परांडा, तुळजापूर या टापूंतील देशमुख-कुळकर्ण्यांच्या घरीं, पुजाऱ्यांच्या फडताळांत जीं रुमालें बांधून ठेविलेलीं आहेत, त्यांत पराक्रमाची कथा नाहीं म्हणून तीं टाकाऊ समजूं नयेत. उत्पन्नाची याद, देवस्थानची सनद, वाटेनें गेलेल्या फौजेस दिलेल्या दाण्यावैरणीचा हिशेब, असे कागद ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करितां त्यांच्या नकला तरी करवून घ्याव्या.