नोंदवहीचा त्याग व स्वीकार: ‘पोस्टग्रेस’चा इतिहास

कीर्दीत नोंद झाल्यावाचून खतावणीस हात लावू नये, हा जमाखर्चाचा जुना दंडक. डेटाबेसमधील व्यवहार-नोंदवहीचे तत्त्व तेच होय. तथापि १९८६ च्या सुमारास बर्कले येथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी ‘पोस्टग्रेस’ उभारावयास घेतले, तेव्हा ही नोंदवही बुद्धिपुरस्सर वर्ज्य केली. जुनी माहिती पुसावयाचीच नाही, नवी निराळी लिहावयाची. व्यवहार पुरा झाला की नाही, एवढीच खूण पुरे. कल्पना सुबक खरी. परंतु व्यवहार पुरा होताना बदललेली सारी विखुरलेली पाने तबकडीवर उतरवावी लागत, आणि हा भार जड होता. २००१ साली ‘पोस्टग्रेस्क्यूएल’च्या ७.१ आवृत्तीत नोंदवही ‘वॉल’ या नावाने आली: आधी नोंद, मागाहून पान. २००५ मधील ८.० आवृत्तीने जतन केलेल्या नोंदींवरून इच्छित क्षणाची स्थिती पुन्हा उभी करण्याची सोय दिली. हे जतन मात्र आपोआप होत नाही. ‘आर्काइव्ह मोड’ मुळात बंदच असतो. ‘वॉल लेव्हल’ किमान पातळीच्या वर ठेवून, जतनाची आज्ञा लिहून व सर्व्हर पुन्हा सुरू करून तो चालू करावा लागतो. एरवी १६ मेगाबाइटांचे नोंदखंड कालांतराने पुन्हा वापरले जातात, आणि अन्यत्र प्रत नसताना तबकडी निकामी झाल्यास अखेरच्या प्रतीनंतरचे व्यवहार कायमचे नष्ट होतात.