हवाईयन भाषा-शिक्षण

हवाई बेटांच्या मूळ भाषेतून मुलांना शिकवण्याची आणि त्यासाठी शिक्षक घडवण्याची व्यवस्था. एकोणिसाव्या शतकात हवाईयन ही राज्यकारभाराची, शाळेची आणि वर्तमानपत्रांची भाषा होती. १८९३ मध्ये हवाईची राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले गेले. त्यानंतरच्या नव्या राजवटीत १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. शाळेत हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या, तसे आईबापांनीही घरात इंग्रजी धरली. निईहाऊ हे छोटे बेट सोडले, तर १९८० च्या सुमारास मुलांच्या तोंडी ही भाषा जवळजवळ उरली नव्हती.

१९७८ मध्ये हवाई राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन हवाईयनला राजभाषेचा दर्जा मिळाला. पण शिकवणार कोण?

१९८३ मध्ये काही शिक्षकांनी न्यूझीलंडमधल्या माओरी बालवाड्यांपासून स्फूर्ती घेऊन ‘अहा पूनाना लेओ’ ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी काउआई बेटावर केकाहा येथे तिची पहिली बालवाडी भरली. बालवाडीच्या शिक्षकाकडे महाविद्यालयीन प्रशिक्षण हवे, हा सरकारी नियम मात्र आडवा आला. अस्सल भाषा ज्यांच्या जिभेवर होती, त्या आजी-आजोबांकडे तसले प्रमाणपत्र कुठून असणार? कायदा बदलायला १९८६ उजाडले. बोलणारे म्हातारे एकेक करून जात असताना हा विलंब फार महागाचा होता.

१९८७ मध्ये सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग निघाले, तेव्हा हाताशी पुस्तके नव्हती. शिक्षक आणि पालक इंग्रजी गोष्टींची पुस्तके घेऊन बसत, भाषांतराच्या पट्ट्या कापत आणि छापील मजकुरावर चिकटवत. चित्रे तीच, खालची ओळ हवाईयन. गणित-विज्ञानासाठी नवे शब्द घडवण्याचे काम एका समितीने अंगावर घेतले. ‘मामाका कायाओ’ हा कोश त्यातूनच आला.

शिक्षक-प्रशिक्षणाला भक्कम घर मिळाले ते हिलो येथील हवाई विद्यापीठात. १९९७ मध्ये तेथे हवाईयन भाषेचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्या ‘काहुआवायोला’ या अभ्यासक्रमाचे माध्यमही हवाईयनच आहे. भाषा चांगली येत असेल तरच प्रवेश मिळतो. आधी उन्हाळी सत्र आणि मग वर्षभर शाळेत प्रत्यक्ष अध्यापन. भावी शिक्षकाला स्वतःला ज्या भाषेत धडे मिळाले, त्याच भाषेत तो वर्ग घेतो, हे या रचनेचे खरे बळ.

शिक्षकांची चणचण अजून आहे. लानाई बेटावर हवाईयन माध्यमाचा शिक्षक मिळत नाही, अशी सबब राज्याने सांगितली, तेव्हा एका आईने आपल्या मुलींसाठी दावा लावला. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे शिक्षण मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व वाजवी प्रयत्न करणे राज्यावर घटनेनेच बंधनकारक आहे. शिक्षकांना जादा आर्थिक लाभ देऊन बेटावर आणणे, हाही न्यायालयाने सुचवलेल्या उपायांपैकी एक होता.