हबसाणातील आश्रय

जंजिऱ्याचे सिद्दी आणि निजामशाहीचा मलिक अंबर यांच्यामुळे 'हबशी' हा शब्द महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. ज्या हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, मलिक अंबर गुलाम म्हणून आला, ती भूमी मात्र चौथ्या शतकापासून ख्रिस्ती राजांची होती. तेथे इस्लाम कसा रुजला, हा इतिहास मननीय आहे.

मक्केत छळ वाढला, तेव्हा इ. स. ६१५ च्या सुमारास महंमद पैगंबरांनी काही अनुयायांना अक्सूमच्या ख्रिस्ती राजाकडे धाडले. त्यांना परत नेण्यासाठी मक्केचे दूतही मागोमाग आले. मुस्लिम परंपरा सांगते, की जाफर इब्न अबी तालिब यांनी दरबारात कुराणातील मरियेविषयीच्या वचनांचे पठण केले. ते ऐकून राजाचे डोळे पाणावले आणि आश्रितांना शत्रूच्या स्वाधीन करण्यास त्याने नकार दिला.

पुढे इस्लाम पसरला तो मुख्यतः व्यापारी तांड्यांबरोबर. झैला बंदरातून वाटा आत जात. हरार नगरी धर्मविद्येचे केंद्र बनली. सोळाव्या शतकात मात्र तलवार बोलू लागली. अदलच्या इमाम अहमदने १५२९ पासून ख्रिस्ती राज्य उद्ध्वस्त केले, देवळे व मठ जाळले. १५४१ मध्ये गोव्याहून गेलेल्या पोर्तुगीज आरमाराने ४०० सैनिक उतरविले. त्यांचा नायक, वास्को द गामाचा पुत्र ख्रिस्तोव्हाव, पुढच्याच वर्षी मारला गेला. १५४३ मध्ये इमाम पडला आणि त्याने जिंकलेला प्रदेशही हातचा गेला.

तलवारीचा मोह ख्रिस्ती राजांनाही सुटला नाही. १८७८ मध्ये सम्राट योहान्नेस चौथा याने वोलोतील मुसलमानांवर बाप्तिस्म्याची सक्ती केली. पुष्कळ जण दिवसा ख्रिस्ती व रात्री मुसलमान राहिले. ज्या सम्राटाने ही सक्ती केली, त्यानेच १८७९ मध्ये कॅथोलिक बिशप मासाया यांनाही देशाबाहेर घालविले. दुसऱ्याच्या श्रद्धेवरील सक्ती आपल्या दारीही येते, ती अशी! इकडे नैर्ऋत्येच्या जिम्मासारख्या ओरोमो राज्यांत व्यापारी आणि धर्मशिक्षक यांच्यामुळे इस्लाम शांतपणे स्थिरावला होता.

२००७ च्या जनगणनेत इथिओपियात मुसलमान ३३.९ टक्के होते. इमामाच्या तलवारीने ख्रिस्ती श्रद्धा मिटली नाही. सम्राटाच्या फर्मानाने इस्लाम मिटला नाही. लोकस्मृतीत उरला आहे तो आश्रितांना पाठीशी घालणारा एक राजा. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या आपणांस त्याचा विसर पडू नये.