वाटाण्याच्या शेंगेत, १९६० साली

साल १९६०. तुम्ही ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला, सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत उभे आहात. समोर वाटाण्याच्या हिरव्यागार शेंगा. त्यातली एक उचला, शिरेवर नख लावून सोला आणि दाणे बाजूला काढा. इथे दाणे कुणालाच नकोत, हवी आहेत ती टरफलं. दाणे बसले होते तिथे छोट्या वाट्यांसारख्या खोबणी राहिल्या आहेत. ही आतली बाजू आजवर उघडी पडलेली नाही, त्यामुळे तिथे एरवी जंतू नसतात.

इथले संशोधक क्रुइकशँक आणि पेरिन एका फाकेच्या खोबणींत नुसत्या पाण्याचे थेंब सोडतात. दुसऱ्या फाकेत पाणी आणि त्यात पीच कुजवणाऱ्या बुरशीचे बीजाणू. वाटाण्याला या बुरशीचा रोग होत नाही.

त्यांना आता वाट पाहायची आहे. तुम्ही मात्र थेंबाखालच्या पेशीत उतरा. वर बीजाणू रुजतोय, त्याची नळी पुढे सरकतेय. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं. वाटाण्याच्या पेशी ते तोडणारी एन्झाइम्स सोडतात आणि कायटिनचे बारीक तुकडे थेंबात मिसळतात. वनस्पती स्वतः कायटिन बनवत नाही, म्हणून तो तुकडा म्हणजे परक्याची खूण. पेशीच्या पडद्यावरची प्रथिनं तो पकडतात. काही मिनिटांतच बाहेरचं कॅल्शियम आत धावतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि केंद्रकातली आजवर गप्प असलेली जनुकं कामाला लागतात. मग फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून एकेक पायरी चढत बुरशीला रोखणारं एक नवंच रसायन घडतं.

बाहेर या. खोलीतल्या कुणालाही हे आतलं काम ठाऊक नाही. त्यांच्याकडे आहेत फक्त थेंब. बीजाणूंच्या थेंबांतून ते रसायन शुद्ध रूपात मिळतं, नुसत्या पाण्याच्या थेंबांतून नाही. त्याचं नाव पिसॅटिन. म्युलर आणि बोर्गर या संशोधकांनी जर्मनीत १९४० सालीच बटाट्यावरच्या प्रयोगांतून अशा रसायनाची कल्पना मांडली होती, पण असं रसायन वेगळं काढून दाखवलं गेलं ते इथे, पहिल्यांदा. माझ्या मते या प्रयोगाचा जीव त्या साध्या पाण्याच्या थेंबात आहे. तो नसता, तर हे विष शेंगेत आधीपासूनच असेल, असं कुणीही म्हणालं असतं.

आठ वर्षं पुढे या. तीच जोडी, तीच पीचची बुरशी. या वेळी तिच्यातून काढलेलं एक पेप्टाइड फरसबीच्या शेंगेत सोडलंय. बुरशी जिवंत नसतानाही फरसबी आपलं संरक्षक रसायन बनवू लागते. पेशीला शत्रूच्या एका रेणूची ओळख पुरते.

आता २००६. जपानी संशोधकांना भाताच्या पेशीवर कायटिन पकडणारं प्रथिन सापडलंय. पुढच्याच वर्षी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात, कायटिन आल्याची खबर आत पोचवणारं दुसरं.

शेवटचा मुक्काम २०१२. भाताच्या पानावर दोन्ही टोकांना निमुळते, डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडलेत. कोकणातला शेतकरी ज्याला करपा म्हणतो, तोच हा. त्याची बुरशी एसएलपी-१ नावाचं प्रथिन सोडते. कायटिनचे तुकडे भाताच्या पेशीला सापडण्याआधी हे प्रथिनच ते धरून ठेवतं. ज्या बुरशीतून या प्रथिनाचं जनुक काढून टाकलं, तिची भाताला रोगी करण्याची ताकद घटली.